परसातली जमीन जुळेना

सरस्वतीपुरम, म्हैसूर
१४ ऑक्टोबर २०२४

निवृत्ती भावजींना शांताचा नमस्कार.

गुडघे सोडून बाकी मी बरी आहे. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन नाही, व्हॉट्सॅप तुम्हाला नको, मग बाहत्तराव्या वर्षी मीच पोस्टापर्यंत पाय ओढायचे! असो, चेष्टा पुरे. काम आहे.

घर बिल्डरला दिलं. हे जाऊन पाच वर्षं झाली, आपलं शिंप्याचं दुकान तेव्हापासूनच बंद, कौलं गळतात. भव्या आणि जावई शशांक मेटगळ्ळीला त्याच्या फॅक्टरीजवळ राहतात, मला तिकडेच नेणार. पाच डिसेंबरला जेसीबी येणार. खाली गाड्या ठेवायला तळघर पाहिजे म्हणे, म्हणून सगळी जागा दोन पुरुष खोल खणणार. मागचं परससुद्धा.

आता मी का लिहितेय ते तुम्हाला कळलंच असेल. परसात माझी गोदा आहे.

तुम्ही विसरला नसाल, तरी लिहिते. त्र्याहत्तर साल. सात महिन्यांची पोर, तापाने दोन दिवसांत गेली. मी तिला मांडीवरून सोडत नव्हते. हे, तुमचे अण्णा, समजावून थकले, मामंजी ओरडले. शेवटी तुम्ही समोर येऊन बसलात आणि म्हणालात, "वहिनी, लांब कुठे नेत नाही. मागे चिक्कूखालीच ठेवतो. मशिनीवर बसलात की खिडकीतून दिसेल." त्या शब्दावर मी तिला तुमच्या हातात दिली. कमरेचा चांदीचा करगोटा काढू नका म्हटलं, माझ्या आईने घातलेला. तुम्ही हो म्हणालात. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते.

जेसीबीच्या दातात माझी पोर जायला नको. तिला नीट काढून टी. नरसीपूरला नेऊन कावेरीच्या संगमावर सोडायचं ठरवलंय. पण चिक्कू चौऱ्याण्णव साली गटाराची लाईन टाकताना पाडला, दिव्याचा दगडही तेव्हा हलवला, त्यामुळे नक्की जागा सांगता येत नाही. शशांक म्हणतो, तान्ह्या पोराची हाडं इतकी वर्षं मातीत राहत नाहीत, चांदी मात्र राहते. म्हणून त्याने ऑनलाईन मेटल डिटेक्टर मागवला. त्याला सुट्टी फक्त रविवारी, तेव्हा मीच चालवते. हसू नका. पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवलं, हे काय त्याहून अवघड!

पण अय्यो, हे गप्पच बसत नाही हो. परसात कुठेही धरा, कुंई कुंई चालूच. पुस्तकात लिहिलंय आधी 'ग्राउंड बॅलन्स' करा. चार दिवस करतेय, जुळत नाही. तुम्ही फौजेत आयुष्यभर असल्याच यंत्राने सुरुंग काढलेत. काय करू ते सांगा. आणि आठवत असेल तर एवढं कळवा, चिक्कूपासून किती हातांवर ठेवलंत आणि किती खोल?

तुमची वहिनी
शांता


खडकी, पुणे
२१ ऑक्टोबर २०२४

वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. घराचं वाचून वाईट वाटलं. पण कौलं गळत असतील तर योग्यच केलंत.

यंत्राचं सांगतो. कुठल्याही मातीत थोडंफार लोखंड असतं. आपल्या म्हैसूरच्या तांबड्या मातीत ते जास्त. यंत्राला माती आणि धातू यांतला फरक उपजत कळत नाही. म्हणून आधी त्याला सांगावं लागतं की बाबा रे, ही नुसती माती आहे, हिच्यावर ओरडू नकोस. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. आम्ही 'जमीन जुळवणं' म्हणायचो.

खालची गोल थाळी जमिनीपासून हातभर वर धरा. मग चार बोटं उरेपर्यंत खाली आणा, परत वर न्या. असं सावकाश करत राहा. खाली येताना सूर चढत असेल तर नॉब थोडा मागे घ्या, उतरत असेल तर थोडा पुढे. वर असो की खाली, सूर एकसारखा राहिला की जमीन जुळली. नॉब एकदम फिरवू नका. मशिनीवर दोऱ्याचं टेन्शन जुळवता तसंच, केसाएवढं फिरवायचं आणि टाका पाहायचा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुळवताना थाळीखाली धातू असता कामा नये. असला तर यंत्र त्या धातूलाच माती धरून चालतं, आणि पुढे नेमका तोच ते दाखवत नाही.

बॅटरी नव्या घाला. थाळीची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली असू द्या, लोंबली तर खोटा आवाज येतो. 'सेन्सिटिव्हिटी' अर्ध्यावर आणा. वरून विजेच्या तारा जातात का, शेजारी बोअरवेलची मोटार चालते का, तेही पाहा. आणि वहिनी, तुमच्या पदराला टाचण्या असतील. त्या काढून ठेवा.

प्रकृतीला जपा. भव्याला आशीर्वाद.

आपला
निवृत्ती


सरस्वतीपुरम
२८ ऑक्टोबर २०२४

भावजी,

टाचण्यांचं बरोबर ओळखलंत! पदराला सहा, ब्लाऊजच्या गळ्याला दोन, आणि केसात आकडे. सगळं काढलं. विधवेला मेलं दागिन्यांचं ओझं नाही, तेवढी एक सोय. बॅटरी बदलल्या. वायर गुंडाळली. शेजारच्या गिरिजाबाईंना सांगून मोटार बंद ठेवायला लावली, तर त्या म्हणाल्या, "शांताक्का, पुरलेलं सोनं सापडलं तर अर्धं आमचं." मी म्हटलं, सापडलं तर सगळं तुमचं.

शनिवारी दुपारी करंट गेला, अख्ख्या गल्लीचा. मी म्हटलं हीच वेळ, आता तारा मेलेल्या आहेत. धावत परसात गेले. तरी कुंई कुंई. म्हणजे तारांचं काही नाही.

तुम्ही सांगितलंत तसं वर-खाली केलं. एका जागी कसाबसा सूर एकसारखा होतो, आणि दोन पावलं सरकलं की परत बोंबलतो. परत जुळवा, परत दोन पावलं. भिंतीपाशी एक, विहिरीपाशी भलतंच, दगडापाशी तर नॉब शेवटपर्यंत नेला तरी पुरत नाही. असं कसं हो? परस ते केवढं, वीस हात लांब. त्यात वीस प्रकारची माती कुठून आली?

भव्याने शाळेतून रजा घेतलीय. सेहेचाळीस वर्षांची बाई, खुरपं घेऊन उकिडवी बसते आणि मला म्हणते, "आई, तू आवाज ऐक, मी खणते." तुम्हाला माहीत नसेल, लहानपणी घरात काहीही गोड केलं की पहिला घास ती दगडापाशी नेऊन ठेवायची. आक्काचा म्हणून. मी कधी सांगितलं नव्हतं, आपणहून करायची. परीक्षेला जाताना आधी तिथे, मग देवापाशी. आता तिच्या तळहाताला फोड आलेत. मी म्हटलं बेड गं, नको आता, पुरे आज. ऐकत नाही.

आत्तापर्यंत सापडलेलं सांगते. बाटलीचं झाकण, सायकलची चेन, एक जुना दहा पैसा. झाकण वर आलं तेव्हा मला करगोटाच वाटला. पांढरं चकाकलं ना, म्हणून.

किती खोल ते तुम्ही लिहिलं नाहीत. विसरलात बहुतेक. या पत्राला उत्तर देताना आधी तेच लिहा.

शांता


खडकी
४ नोव्हेंबर २०२४

वहिनींना नमस्कार.

दिवाळीच्या शुभेच्छा. इकडे मी एकटाच. मेसमधून लाडू आले होते.

दोन पावलांवर जमीन बदलते, याची अनेक कारणं असतात. ऑक्टोबरचा पाऊस पडून माती कुठे ओली, कुठे कोरडी असते, आणि ओली माती जास्त बोलते. गटाराची लाईन टाकताना खालची माती वर, वरची खाली झाली असेल. विहिरीपाशी काळा दगड असेल तर त्यात लोखंड असतं. अशा दगडाला आम्ही 'गरम दगड' म्हणायचो, तो हुबेहूब धातूसारखा बोलतो आणि माणसाला फसवतो.

आता असं करा. परसाचे दोरी लावून चौकोन पाडा, दोन हातांचा एक. प्रत्येक चौकोनात जमीन नव्याने जुळवा आणि तेवढाच चौकोन तपासून पुढे जा. थाळी झुलवू नका, जमिनीशी समांतर ठेवा. दगडापाशी नॉब पुरत नसेल तर तो भाग शेवटी घ्या. चार दिवस ऊन पडू द्या, माती सुकू द्या. घाई केली की यंत्र बिघडतं.

यंत्र स्वस्तातलं असेल तर त्याचा नॉबही आमच्या यंत्रासारखा बारीक फिरत नसेल. तसं असलं तर त्याला तुमचा किंवा माझा इलाज नाही. काही जमिनी शेवटपर्यंत जुळतच नाहीत. सापडलं नाही तर स्वतःला त्रास करून घेऊ नका. आपण प्रयत्न केला, एवढं पुष्कळ.

खोली नक्की आठवत नाही. फार वर्षं झाली.

निवृत्ती


सरस्वतीपुरम
१२ नोव्हेंबर २०२४

भावजी,

तुम्ही यंत्राला नावं ठेवलीत म्हणून मी त्याची परीक्षा घेतली. शशांकला स्कूटर काढायला लावली, मागे बसले आणि यंत्र मांडीवर धरून पलीकडच्या शाळेच्या मैदानात गेले. माती हीच, तांबडी. चार वेळा थाळी वर-खाली केली, केसाएवढा नॉब फिरवला, झालं. गप्प! मैदानभर फिरले, चूं नाही. मग शशांकने माझी चांदीची कुंकवाची डबी वीतभर खोल पुरली. तिच्यावर गेल्याबरोबर असा स्वच्छ आवाज आला की मला रडू फुटलं. यंत्रात काही खोट नाही भावजी. सोन्यासारखं यंत्र आहे.

मग खोट कुठे? घरी आले आणि दुकानातलं लोहचुंबक काढलं, टाचण्या गोळा करायचं, तुम्ही घोड्याचा नाल म्हणायचात ते. परसातली सुकी माती पाटीत घेतली आणि त्यात ते फिरवलं. वर काढलं तर लोकर चिकटल्यासारखं दिसलं. सुया. गंजलेल्या, अर्ध्या, टोकं मोडलेल्या, काहींची तर नुसती भुकटी. दुसरी पाटी घेतली, त्यातही तेच. विहिरीपाशी, भिंतीपाशी, सगळीकडे.

मी कपाळावर हात मारला. आपलीच आयुधपूजा! वर्षभर मोडलेली सुई केरात टाकायची नाही, तिने पोटाला घातलंय, नवमीला तिला हळद लावून परसात मातीआड करायची. मामंजींनी केलं, ह्यांनी केलं, मी केलं. सहा मशिनी होत्या एकेकाळी. साठ-पासष्ट वर्षांच्या सुया आहेत या जमिनीत. ती जुळणार कशी आणि कोणाशी? सुई ती केवढी, ती काय बोलणार, असं मला वाटलं. दुकान बंद झाल्यापासून आपण पुरणंही सोडलं, म्हणून मी मूर्ख बाई विसरले.

पण तुम्ही?

त्या दुकानात तुम्ही बाविसाव्या वर्षापर्यंत कापड कापलंत. नवमीला तुम्हीही मूठ-मूठ सुया पुरल्यात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे तीस वर्षं तुमचं पोट या विद्येवर चाललं. सुरुंग काढणाऱ्याला पहिला प्रश्न हाच सुचत असणार ना, की या जमिनीत आधीपासून काय आहे? तुम्ही मला बॅटरी विचारलीत, वायर विचारलीत, पाऊस विचारलात, गरम दगड शिकवलात. ते तेवढं विचारलं नाहीत.

आणि मी दोनदा विचारलं, किती खोल. खड्डा तुम्ही स्वतः खणलात. पदराच्या टाचण्या लक्षात राहणाऱ्या माणसाला ते आठवत नाही?

मी रागाने लिहीत नाही, घाबरून लिहितेय. करगोटा काढून घेतला होता का? मामंजींनी घ्यायला लावला असेल. तसं असेल तर सांगा, मी कोणाला बोल लावणार नाही, चांदीचं मला काय कौतुक! फक्त खरं सांगा, म्हणजे सुयांच्या ढिगात चांदी शोधणं तरी थांबवीन. भव्याला ताप भरलाय आणि तरी ती म्हणते, आक्का सापडल्याशिवाय जेसीबी आत येऊ देणार नाही, आडवी पडेन. बिल्डरची माणसं दोनदा येऊन भांडून गेली.

उलट टपाली उत्तर द्या.

शांता


सरस्वतीपुरम
२२ नोव्हेंबर २०२४

भावजी,

दहा दिवस झाले. तेरा दिवस उरलेत.

शांता


खडकी
२५ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमचं बारा तारखेचं पत्र सोळालाच मिळालं. रोज लिहायला बसलो आणि रोज फाडलं. आज दुसरं आलं.

करगोटा कोणी काढला नाही. तो गोदाच्या अंगावरच होता. पण गोदा परसात नाही.

तुम्ही तिला माझ्या हातात दिलीत तेव्हा मी जे म्हणालो ते मनापासून म्हणालो होतो. कुदळ घेतली, चिक्कूखाली खड्डा खणला. दीड हात. आठवत नाही असं लिहिलं, पण मला तो बोटाच्या पेरापर्यंत आठवतो. एवढ्यात आप्पा, तुमचे मामंजी, आले. म्हणाले, मेलेलं पोर दाराशी पुरलं तर पुढचं जगत नाही, या घरात हे चालणार नाही, नदीला दे. मी भांडलो. अण्णा मध्ये पडला. मला वाटलं तो माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, निवृत्ती, आप्पा म्हणतात तसं कर, आणि शांताला कळू देऊ नकोस, ती जीव देईल. गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली.

खड्डा मी रिकामाच बुजवला. वर पाणी शिंपडलं, खिडकीतून तुम्हाला माती ताजी दिसावी म्हणून. हे मी केलं, वहिनी. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तिला दुपट्यात घेऊन मागच्या दाराने निघालो. टी. नरसीपूरची बस. खिडकीशी बसलो, ती मांडीवर. शेजारी एक म्हातारी होती. तिने विचारलं, "मगु मलगिद्या?" बाळ झोपलंय का. मी म्हटलं हो. मुलगा की मुलगी? मुलगी. म्हातारीने पिशवीतून केळं काढून दिलं, उठली की द्या म्हणाली. ते केळं मी नरसीपूर येईपर्यंत हातात धरून बसलो होतो. संगमावर एका नावाड्याने पात्राच्या मध्यावर नेलं. त्याने दगड बांधून दिला. मी सोडलं.

तुम्ही तिला जिथे नेणार म्हणता, तिथे ती एक्कावन्न वर्षं आहे.

परत आलो तर तुम्ही मशिनीवर बसून खिडकीतून चिक्कूखाली बघत होतात. पाय चालत होता, टाके पडत होते, कापड नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे दिवा लावलात. तिसऱ्या दिवशी जेवलात. आप्पा मला म्हणाले, बघ, बरं झालं ना. मी त्याच महिन्यात भरतीला गेलो. तुम्हाला वाटलं मला फौजेची हौस होती. मला तो दिवा बघवत नव्हता. पुढे घरी कमी का आलो, अण्णाच्या दहाव्यालाही एका दिवसात का परतलो, ते आता तुम्हाला कळेल.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तुम्ही यंत्राचं विचारलंत, आणि यंत्राचं मला सगळं येतं. मला सुटल्यासारखं झालं. सुयांचं पहिल्या ओळीलाच आठवलं होतं. तेही दाबलं. वाटलं, जमीन जुळणार नाही, तारीख येईल, जेसीबी येईल, दोष यंत्राला लागेल आणि तुम्ही रडून मोकळ्या व्हाल. मी भित्रा माणूस आहे. पदकं मिळाली ती सुरुंगांसाठी मिळाली.

भव्याच्या तळहाताला फोड आलेत हे वाचूनही मी तुम्हाला चौकोन पाडायला लिहिलं. तिला थांबवा.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

निवृत्ती


मेटगळ्ळी, म्हैसूर
८ डिसेंबर २०२४

निवृत्ती भावजी,

पत्ता बदललाय, वर लिहिलाय. घर पडलं. परसाच्या जागी आता एवढा मोठा खड्डा आहे की शेजारच्या गिरिजाबाई बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून परत गेल्या.

तुमचं पत्र अठ्ठावीस तारखेला आलं. वाचलं. मग शिलाई मशिनीपाशी जाऊन बसले, ते अजून न्यायचं होतं. तुम्हाला काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही, कागद जळेल. तुमचं मेलं वाटोळं होवो असंही म्हणाले. मामंजींना तर काय बोलू, ते केव्हाच वर गेले, तिथे गोदा त्यांना भेटली असेल तर तिनेच विचारावं.

पण ह्यांचं मला सोसवत नाही. सेहेचाळीस वर्षं, भावजी! रोज दुकान बंद करून येताना दिव्याचं तेल हे आणायचे. मी कधी आजारी पडले तर माझ्याऐवजी दिवा हे लावायचे. वारा असला की हाताचा आडोसा करून उभे राहायचे. कशापाशी उभे राहत होते हो हे? मोडक्या सुयांपाशी? माझ्यासाठी उभे राहत होते म्हणावं तर एका बाजूला कढ येतो आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा फोटो भिंतीवरून काढावासा वाटतो. काढलेला नाही. इथे नव्या भिंतीवर लावलाही नाही. ट्रंकेत आहे.

बसमधलं तुम्ही लिहिलंत ते मी परत वाचत नाही. एकदा वाचलं तेवढं पुरे. त्या म्हातारीचं भलं होवो.

आता पुढचं ऐका, कारण हे पत्र मी शिव्यांसाठी लिहिलेलं नाही.

तीस तारखेला सकाळी मी ठरवून परसात गेले. भव्याला सगळं सांगायचं, खोटं खूप झालं. ती विहिरीपाशी खणत होती. अंगात ताप, हाताला चिंध्या बांधलेल्या, आणि मातीशी बोलत होती. "आक्का, थोडी वर ये गं, माझा हात पोचत नाही." असं. मी मागे उभी होते, तिला माहीत नव्हतं. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "आई, मी चुकीच्या जागी गोड ठेवत होते का गं इतकी वर्षं? म्हणून ती सापडत नाही का?"

भावजी, माझ्या तोंडात तुमचं पत्र तयार होतं. पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं. आणि मी म्हणाले, "नाही गं. चल, यंत्राचा आवाज बदललाय दगडाखाली, मी बघते. तू आत जाऊन पाणी पी."

ती आत गेली. मी दगडापाशी खुरप्याने हातभर उकरलं. सुया होत्या, गंजून त्यांचा गोळा झालेला, मुठीएवढा. मांजरपाटाच्या नव्या तुकड्यात तो आणि माती बांधली, चारी बाजूंनी टाके घातले, कोणी उघडू नये म्हणून. ती बाहेर आली तेव्हा मी म्हणाले, "सापडली."

भव्याने गाठोड्यावर हात ठेवला. आत काहीतरी कडक लागलं तिला. म्हणाली, "करगोटा." मी हो म्हटलं. मग ती जी रडली, तशी ती बापाच्या वेळीही रडली नव्हती. रात्री ताप उतरला. दुसऱ्या दिवशी शशांकने गाडी काढली, टी. नरसीपूरला गेलो, संगमावर सोडलं. भव्याने सोडलं, तिच्याच हाताने. येताना गाडीत झोपली, पहिल्यांदा. पाच तारखेला जेसीबी आला तेव्हा ती फाटकापाशी उभी राहून त्या ड्रायव्हरला चहा देत होती.

ती हलकी झालीय. मी मेल्यावर तिला कोणीतरी खरं सांगेल म्हणून मला आता भीती वाटते, आणि खरं माहीत असलेला जगात एकच माणूस उरलाय.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. करीन की नाही ते मला माहीत नाही, विचारू नका. तुम्ही भित्रे आहात हे तुम्हीच लिहिलंत, ते खरंच आहे. फक्त, तुम्हाला हे खोटं जमलं तरी कसं, असं मी अठ्ठावीस तारखेला म्हणत होते, ते आता म्हणत नाही. सोपंच जातं हो. तोंड उघडेपर्यंत माणसाला माहीतही नसतं.

नाताळच्या सुट्टीत भव्या पुण्याला येतेय, तुम्हाला भेटायला. मी नको म्हटलं, ऐकत नाही. आक्काला शेवटचं पाहिलेला माणूस म्हणून तिला तुम्हाला बघायचंय, तुमच्या पाया पडायचंय. वहीत प्रश्न लिहून आणणार आहे, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून. तिने मला विचारून झालंय, आणि मी काय सांगितलं ते नीट वाचा. दीड हात खोल. डोकं दक्षिणेला. दुपटं पिवळं होतं. चेहरा उघडा नव्हता, तुम्ही झाकला होता. माती लोटताना तुम्ही आधी हाताने लोटलीत, कुदळीने नाही.

वर एक फूल ठेवलं होतं, असंही माझ्या तोंडून निघून गेलं. कुठलं ते मी सांगितलं नाही, म्हटलं काकांना विचार. ते तुम्ही ठरवा आणि तिच्या येण्याआधी मला कळवा, म्हणजे दोघांचं एकच निघेल.

शांता